कुंडीत काय भरायचं: माती, कोकोपीट की पालापाचोळा?

पानं पिवळी पडली, कळ्या गळल्या, रोप अचानक माना टाकायला लागलं की आपण आधी फवारणीचं औषध शोधतो. माझं सांगणं असं की आधी कुंडीत काय भरलंय ते बघा. गच्ची-बाल्कनीतल्या निम्म्याअधिक तक्रारी तिथूनच सुरू होतात. नवी बाग लावताना तर हा निर्णय झाडांच्या निवडीच्याही आधी घ्यायला हवा, कारण भरलेल्या कुंड्या नंतर उपसून पुन्हा भरणं फार कष्टाचं असतं.

आपल्याकडे तीन पर्याय आहेत: माती, कोकोपीट (नारळाच्या सोडणांचा भुसा) आणि पालापाचोळा.

आधी वजन, कारण त्यात तडजोड नाही

बाग गच्चीवर करायची असेल तर इथूनच सुरुवात करा. माणसांची ये-जा असलेल्या सपाट गच्चीसाठी आयएस ८७५ हे भारतीय मानक चौरस मीटरला साधारण १५० किलोचा भार धरतं. फूटभर खोल वाफ्यात ओली माती भरली तर चौरस मीटरला ५०० किलोच्या आसपास वजन होतं. म्हणजे गच्चीभर मातीचे वाफे हा विचार सोडूनच द्यायचा. मोठ्या कुंड्या ठेवायच्याच असतील तर खाली तुळई किंवा भिंत असेल अशा जागी, कडेकडेने ठेवा. इमारत जुनी असेल तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय काहीच चढवू नका.

ओलं कोकोपीट आणि दाबून भरलेला ओला पालापाचोळा मातीच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून हलका असतो. तरीही सगळी गच्ची त्याने भरून टाकावी इतका हलका नाही. वाफे विटांवर किंवा स्टँडवर उचलून ठेवा. स्लॅब कोरडा राहतो आणि खालून झाडता येतं. गळती सुरू झाली तरी लगेच दिसते.

माती: कुठली, हे महत्त्वाचं

'माती वापरा' एवढ्याने काम होत नाही. देशावरची काळी माती भिजली की फुगते, सुकली की भेगाळते. शेतात ती चालते, पण कुंडीत मुळांना हवाच मिळत नाही. शिवाय ती बहुधा अल्कधर्मी आणि चुनखडीची असते. अशा मातीत जास्वंद, मोगरा आणि विशेषतः अनंत यांची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे लोह न मिळाल्याचं लक्षण आहे. लोह मातीत असतं, पण मुळांना घेता येत नाही. बोअरचं किंवा टँकरचं क्षारांचं जड पाणी घातलं तर ते आणखी वाढतं. तिथे शेणखत कितीही ओता, पानं हिरवी होत नाहीत. चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपातलं लोह, दिलं तर फरक दिसतो, आणि पावसाचं पाणी साठवून घालता आलं तर फारच उत्तम.

कोकणातली, गोव्यातली जांभ्याची तांबडी माती आम्लधर्मी असते, पाण्याचा निचरा चांगला करते, मात्र तिच्यात अन्नद्रव्यं टिकत नाहीत. पुण्या-मुंबईच्या नर्सरीत पोत्यातून मिळणारी 'लाल माती' मात्र कधी भुसभुशीत, कधी चिकण निघते. ओली करून तळहातावर वळून बघा. लांब, न तुटणारी वात झाली तर ती नुसती वापरू नका. काही महिन्यांत ती सिमेंटसारखी बसते, वरून घातलेलं पाणी कडेने निघून जातं आणि मधली मुळं तहानलेली राहतात.

मातीची खरी ताकद टिकाऊपणात आहे. गुलाब, मोगरा, कढीपत्ता, लिंबू, जास्वंद अशी वर्षानुवर्षं राहणारी झाडं मातीतच धरतात. त्यांना आधार लागतो, आणि पाण्याची एखादी पाळी चुकली तरी माती सांभाळून घेते. साधारण दोन भाग माती, एक भाग गांडूळखत किंवा चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट आणि कुंडीमागे मूठभर नीमपेंड हे मिश्रण बाल्कनीसाठी मला सगळ्यात भरवशाचं वाटतं. शेणखत अर्धवट कुजलेलं असेल तर त्यातून हुमणी ही पांढरी अळी येते आणि मुळं खाते, तेव्हा ते चाळून घ्या. तळाला खडीचा जाड थर घालण्याची पद्धत सोडून द्या. त्याने निचरा सुधारत नाही, ओल उलट मुळांच्या जवळ येऊन थांबते. भोकावर खापराचा एक तुकडा पुरे.

कोकोपीट: सोबतीला चांगलं, एकट्याने नाही

पाच किलोची वीट भिजवली की साठ-सत्तर लिटर भुसा होतो. कोरडी वीट तिसऱ्या मजल्यावरही एका हाताने नेता येते. दुकानदार म्हणूनच ती आधी पुढे करतात. कोकोपीट पाणी उत्तम धरतं, पण झाडाला खायला जवळपास काही देत नाही. पोटॅश थोडं असतं, कॅल्शियम फार कमी. नुसत्या कोकोपीटमधलं टोमॅटोचं रोप पहिले काही आठवडे जोमात वाढतं, मग फिकं पडतं, आणि फळ धरलं की त्याचं बूड काळं पडायला लागतं. लोक त्याला रोग समजून बुरशीनाशक मारतात. खरं कारण फळापर्यंत कॅल्शियम न पोचणं हे असतं, आणि पाणी कधी कमी कधी जास्त झालं की ते वाढतं. तिथे हवं नियमित पाणी आणि कॅल्शियम असलेलं खत.

दुसरी गोष्ट खारटपणाची. स्वस्त विटांमध्ये मीठ राहिलेलं असतं. दोन-तीन पाण्यांनी धुऊन पिळून घ्या, नाहीतर कोवळ्या रोपांच्या पानांच्या कडा करपतात. आणि कोकोपीटचा वरचा थर सुकलेला दिसला तरी आत ओल असते. बोट खुपसून न बघता रोज पाणी घालणाऱ्यांची झाडं मुळं कुजून जातात. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात उघड्यावरच्या कुंड्यांत कोकोपीटचं प्रमाण कमीच ठेवा. विदर्भातल्या मे महिन्यात मात्र तेच कोकोपीट, वर हिरवी शेडनेट असेल तर, झाडं तगवून नेतं.

बी रुजवायला याच्याइतकं चांगलं काही नाही. भाज्यांची रोपं तयार करणाऱ्या नर्सऱ्याही ट्रेमध्ये कोकोपीटच वापरतात.

पालापाचोळा: गच्चीवरच्या भाजीसाठी माझी पहिली पसंती

महाराष्ट्रात ही वाट नवी नाही. शेतीत स्वतः प्रयोग करून बघणाऱ्यांच्या 'प्रयोग परिवार' या गटाच्या श्री. अ. दाभोळकरांनी घराभोवतीच्या काडीकचऱ्यातून माती घडवायला लोकांना शिकवलं. मुंबईत डॉ. आर. टी. दोशींनी उसाची चिपाडं, खत आणि अगदी थोडी माती यांवर गच्चीत भाज्या-फळं पिकवून दाखवली.

जानेवारीपासून सोसायट्यांच्या आवारात पानांचे ढीग साचतात आणि कुठे कुठे ते चक्क पेटवले जातात. तीच पानं पोत्यात भरून वर न्या. पर्जन्यवृक्ष, सोनमोहर, गुलमोहर यांची बारीक पानं लवकर कुजतात. आंब्या-फणसाची जाड पानं चुरून घ्या. निलगिरी टाळा.

भाजीचा क्रेट, ग्रो बॅग किंवा कापलेला ड्रम घ्या. तळाला नारळाची सोडणं किंवा रसवंतीवरची चिपाडं, वर पायाने दाबून भरलेली भिजवलेली पानं, मध्ये मध्ये शेणाचा काला किंवा जीवामृत. दहा लिटर पाण्याला अर्धा किलो शेण, पाव ते अर्धा लिटर गोमूत्र, शंभर-शंभर ग्रॅम गूळ आणि बेसन, मूठभर माती, आणि दोन-तीन दिवस सावलीत ढवळत ठेवणं, एवढंच घरगुती जीवामृत. शेण मिळत नसेल तर तयार कंपोस्ट पाण्यात कालवून शिंपडा. सगळ्यात वर दोन-तीन इंच तयार खत-माती, आणि रोप त्यात.

घाई मात्र करू नका. हात खुपसल्यावर आत ऊब लागत असेल तर कुजणं जोरात चालू आहे, तेव्हा मुळं भाजतात. थांबा. त्यानंतरही पानं पिवळी पडली तर समजा की कुजवणारे जिवाणू झाडाच्या वाट्याचा नत्र खाताहेत. जीवामृत किंवा पेंडीचं पाणी द्या. भर काही महिन्यांत निम्म्यावर बसते, म्हणून वरून पानं घालत राहावी लागतात. ज्यांना कुंडी एकदा भरून विसरायची आहे त्यांनी हा मार्ग घेऊ नये.

पैसा किडा आणि गांडुळं दिसली तर आनंद माना, ती कुजवण्याचं काम करतात. चिलटं झाली तर वरचा थर कोरडा ठेवा. स्वयंपाकघरातला कचरा घालायचा असेल तर पानांखाली पुरा. शिजलेलं अन्न घातलंत की उंदीर-घुशी आल्याच.

वांगी, मिरची, पालक, अळू, पुदिना, दुधी, कारलं या सगळ्यांना ही भर मानवते. उंच रोपांना काठीचा आधार द्या, कारण मुळांना मातीसारखी पकड मिळत नाही. खर्च जवळपास शून्य, मेहनत तिन्हींत सगळ्यात जास्त.

निवडताना

बाल्कनीत पाच-सात फुलझाडं असतील आणि वेळ कमी असेल तर मातीचं मिश्रण घ्या. गच्ची मोकळी असेल, रोज अर्धा तास देता येत असेल आणि घरची भाजी हवी असेल तर पालापाचोळा. नुसतं कोकोपीट फक्त त्यांनी घ्यावं जे दर आठवड्याला मोजून द्रवरूप खत देणार आहेत.

काहीही निवडलंत तरी नर्सरीतून आणलेलं रोप लावताना एक करा. त्याची मुळं घट्ट मातीच्या गोळ्यात असतात. तो तसाच हलक्या भरीत बसवला तर पाणी गोळ्याच्या बाजूने निघून जातं, आणि भोवतालची भर ओली असूनही झाड वाळतं. लावण्याआधी गोळा बादलीत बुडबुडे थांबेपर्यंत बुडवा, कडेची माती बोटांनी हळूच सैल करा, आणि पहिले पंधरा दिवस पाणी खोडाजवळ घाला.