आठ महिने फोर चॅनल ॲम्प वापरला, त्यातले पाच महिने कुईंऽऽ ऐकली

गाडीतल्या ॲम्पला (गाण्याचा आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर) स्टार किती द्यायचे ते शेवटी बघू, आधी अकोल्याचं सांगतो. नगर जिल्ह्यातलं अकोले, विदर्भातलं नाही, दर वेळी हे सांगावं लागतं. शनिवारी दुपारी दोनला सासुरवाडीला पोचलो, गाडी अंगणात लावली आणि दीड दिवस जेवण आणि झोप सोडून काही केलं नाही. सोमवारी सकाळी सातला निघायचं म्हणून चावी फिरवली तर टक. नुसतं टक. डॅशबोर्डचे दिवे मिणमिणले आणि मग तेही गेले. अंगण उताराचं नाही, धक्का मारायला शेजारचे चार जण आले, काही उपयोग झाला नाही. शेवटी मामांनी (म्हणजे सासऱ्यांनी) ट्रॅक्टर आणून गाडीला नाक लावून उभा केला, त्याच्या बॅटरीवरून जंपर लावला तेव्हा एकदाची स्टार्ट झाली. वर मामा म्हणाले, "जावईबापू, गाडी फिरायला घेतली का गाणी ऐकायला?" चारही जण हसले. सिन्नरपर्यंत बायको एक शब्द बोलली नाही.

आता सिस्टीम. गाडी जुनी स्विफ्ट. टू-डिन (दुप्पट उंचीचा) स्टिरिओ आधीपासून होता, चांगला चालतो, बदलायची इच्छाही नव्हती आणि पैसेही. दसऱ्याला फोर चॅनल ॲम्प घेतला, ६० वॉट आरएमएस (सतत मिळणारी खरी ताकद) गुणिले ४. पुढच्या दोन चॅनलवर दारातले साडेसहा इंची कंपोनंट स्पीकर, मागचे दोन ब्रिज करून (एकत्र जोडून) डिकीत दहा इंची सबवूफरचा, म्हणजे बेसच्या स्पीकरचा, बॉक्स. ॲम्प ७,५००, स्पीकर ४,८००, बॉक्स ५,५००, वायरिंग किट ११००, मजुरी १५००. कंपनीचं आणि दुकानाचं नाव लिहीत नाही, नाव लिहिलं की लोक नावावरूनच भांडतात आणि मुद्दा राहतो बाजूला.

पहिले दहा दिवस मी खूश होतो हे कबूल करतो. स्टिरिओच्या डब्यावर ५० गुणिले ४ छापलेलं असतं त्याला भुलू नका, तो क्षणभरचा कमाल आकडा, खरे १५ ते २० वॉट मिळाले तरी खूप. ॲम्प लावल्यावर फरक लगेच कळतो, मोठ्या आवाजात नाही तर मधल्या आवाजात कळतो, ढोलकीची थाप थापेसारखी लागते, नुसती धबधब नाही.

अकराव्या दिवशी सकाळी ऑफिसला जाताना भीमसेनजींचा अभंग लावला. सुरुवातीला तंबोरा असतो, बाकी काही नाही. आणि त्या तंबोऱ्याच्या वर एक बारीक कुईंऽऽ. ॲक्सिलरेटर दाबला की चढते, सोडला की उतरते, गिअर बदलला की खाली येऊन परत चढायला लागते. एकदा ऐकू आली की मग ती ऐकू येणं बंद होत नाही. मी नाशिक ते सिन्नर एमआयडीसी रोज जातो-येतो, तीसेक किलोमीटर एका बाजूला, म्हणजे रोज ६० किलोमीटर कुईं. बायको म्हणाली, "अहो, तुमची गाडी तिसऱ्या गिअरला वरचा सा लावते." आधी हसू आलं, नंतर नाही आलं.

दुकानात गेलो. सिस्टीम बसवणारा तिथला पोरगा प्रत्येक वेळी काय करायचा, डीजेचं गाणं लावायचा, व्हॉल्यूम ३० वर, आणि म्हणायचा, "कुठंय आवाज सर?" अरे बाबा, त्या गाण्यात रेल्वे गेली तरी ऐकू येणार नाही. गाणं बंद कर आणि रेस दे. रेस दिल्यावर त्यालाही ऐकू आली, मग म्हणाला, "एवढं असतंच सर, आफ्टरमार्केटला." म्हणजे बाहेरून बसवून घेतलेल्या सामानाला. हे वाक्य ज्या दुकानात ऐकाल तिथून चावी घेऊन बाहेर पडा. मी नाही पडलो, ९०० रुपये देऊन फिल्टर टाकून घेतला. आरसीएच्या (स्टिरिओतून ॲम्पकडे गाणं नेणाऱ्या वायरच्या) मध्ये लागणारी छोटी डबी, ग्राउंड लूप आयसोलेटर म्हणतात, आत बारके ट्रान्सफॉर्मर असतात. कुईं गेली हे खरं, पण जाताना बेसपण घेऊन गेली. स्वस्तातल्या ट्रान्सफॉर्मरमधून खालचे सूर नीट जातच नाहीत. म्हणजे साडेपाच हजारांचा बॉक्स डिकीत नुसता जागा अडवून बसलेला. चार दिवसांनी डबी काढून टाकली. ९०० परत मागितले, मिळाले नाहीत.

मग माझं ठाम मत झालं की ॲम्पच खराब आहे. डिसेंबरात ॲम्प काढून वॉरंटीत सर्व्हिस सेंटरला दिला, तेरा दिवस ठेवून घेतला, आणि "ओके टेस्टेड" अशी चिठ्ठी लावून परत, वर तपासणीचे ३५० रुपये. मी म्हटलं फॉल्ट नाही सापडला तर पैसे कसले, ते म्हणाले फॉल्ट नाही सापडला म्हणूनच पैसे, सापडला असता तर वॉरंटीत फुकट होतं. पाऊण तास भांडलो. पैसे भरले. जानेवारीत परत दुकानात, परत डीजे, परत "बघतो सर", दोन तास स्टिरिओ बाहेर काढून काहीतरी केलं आणि कुईं होती तिथेच. आणि तीन आठवड्यांनी अकोले. एक स्टार, तोही द्यावा लागतो म्हणून.

इथपर्यंतचं मी फेब्रुवारीत मोबाईलमध्ये लिहून ठेवलं होतं, अकोल्याहून आल्याच्या रात्री, रागात. आता जून आहे. एकही ओळ खोडत नाही, पण पुढचं वाचल्याशिवाय एक स्टार धरू नका.

अकोल्यानंतर मी आधी नवीन बॅटरी घ्यायला निघालो होतो. सकाळी सेल्फ जड फिरतोय हे दोन आठवडे जाणवत होतं, म्हटलं बॅटरी म्हातारी झाली. पण चार हजार म्हटल्यावर हात आखडला. आधी ६५० चा मल्टिमीटर (व्होल्ट, करंट मोजायचा) घेऊ, तो तरी घरात राहील. गाडी बंद असताना बॅटरीवर १२.६ व्होल्ट पाहिजेत आणि इंजिन चालू असताना १४ च्या आसपास. माझी रात्रभर चार्जर लावल्यावर १२.६ दाखवत होती, इंजिन चालू केल्यावर १४.२. म्हणजे बॅटरी ठीक, अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारं जनित्र) ठीक, कोणीतरी रात्री बॅटरी पीत होतं.

ते शोधायला बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून मीटर मध्ये लावायचा, दहा अँपिअरच्या खाचेत. मीटर लावलेला असताना चुकूनही स्टार्टर मारू नका, मी मारला, मीटरचा फ्यूज गेला, ४० रुपये. नवा फ्यूज टाकून परत बसलो. सगळी दारं बंद, चावी खिशात, पंधरा मिनिटं थांबलो, आणि आकडा ०.९ अँपिअर. झोपलेल्या गाडीचा ०.०५ च्या आत पाहिजे. माझी बॅटरी ३५ एएच (अँपिअर-तास), भागिले ०.९, आले ३९ तास. शनिवारी दुपारी दोन ते सोमवारी सकाळी सात मोजा किती होतात. ४१. अकोल्याचं कोडं तिथेच गॅरेजमध्ये उकिडवं बसून सुटलं आणि मी एकटाच हसलो.

ॲम्पचा फ्यूज काढला, आकडा ०.०३ वर. म्हणजे ॲम्प रात्रंदिवस चालू होता. ॲम्पला चालू हो म्हणून सांगणारी एक बारीक वायर असते, रिमोट वायर, ती स्टिरिओच्या निळ्या-पांढऱ्या वायरला जोडायची, स्टिरिओ बंद की ॲम्प बंद. स्टिरिओ ओढून बाहेर काढला तर ती जोडलेली पिवळ्याला. पिवळी म्हणजे बॅटरीची कायमची, चावीशी संबंध नसलेली. जानेवारीत त्या पोराने टेस्टिंगला तिथे अडकवली असणार आणि तशीच टेप गुंडाळून आत ढकलली. ॲम्पचा दिवा माझ्या बॉक्सच्या मागे, कोणाला दिसणार? तो दिवा पुढच्या बाजूला का देत नाहीत हा माझा या ॲम्पबद्दलचा सगळ्यात मोठा आक्षेप आहे आणि कितीही स्टार दिले तरी तो राहणारच. दोन रुपयांचा दिवा योग्य बाजूला असता तर सासुरवाडीत माझी इज्जत राहिली असती.

स्टिरिओ बाहेर आलेलाच होता, म्हटलं आता कुईं. थोडं वाचलं. अल्टरनेटर आतून एसीच (दिशा बदलत राहणारा करंट) तयार करतो, डायोड त्याचं डीसी (एकाच दिशेचा) करतात, पण ते अगदी सपाट होत नाही, थोडी लहर उरते, इंजिन जोरात फिरलं की लहरी भराभर येतात म्हणून सूर चढतो. प्रश्न हा की ती लहर गाण्यात शिरते कुठून.

आरसी‌ए ॲम्पमधून काढल्या, इंजिन चालू, रेस दिली, स्पीकर एकदम शांत. म्हणजे ॲम्प निर्दोष. मग मोबाईल सरळ ॲम्पला जोडला, साडेतीन एमएमच्या पिनेची आरसीए वायर ६० रुपयांना मिळाली, तरी शांत, तंबोरा स्वच्छ. आणि मग, सहज, मोबाईल गाडीच्या चार्जरला लावला. कुईंऽऽ. चार्जरची पिन काढली, गेली. लावली, आली. मी हे सात-आठ वेळा केलं असेल, पाच महिन्यांनी चोर सापडल्यासारखं वाटत होतं.

म्हणजे मोबाईल असो की स्टिरिओ, त्याला गाडीचा पुढचा निगेटिव्ह मिळाला की गडबड. पुढचा शून्य (निगेटिव्हची पातळी) आणि डिकीतल्या ॲम्पचा शून्य एकच असायला पाहिजे, तो नव्हता. मीटरचं एक टोक ॲम्पच्या निगेटिव्हवर, दुसरं लांब वायर लावून स्टिरिओच्या निगेटिव्हवर, गाडीचा थंड हवेचा एसी आणि हेडलाईट चालू, सिस्टीम मध्यम आवाजात: ०.३ व्होल्ट. एवढ्यात काय होतं असं वाटेल, पण आरसीएमधलं गाणंच जेमतेम दोन व्होल्टचं असतं. ॲम्पला आपली वाट धड नसली की करंट आरसीएच्या जाळीतून (आतल्या तारेभोवतीच्या वेढ्यातून) परत जायला बघतो आणि जाताना अल्टरनेटरचा सूर तिथे सोडतो.

ॲम्पची काळी वायर कुठे गेली म्हणून कार्पेट उचललं. डिकीच्या पातळ पत्र्यात एक बारका स्क्रू मारलेला, खाली कंपनीचा रंग जसाच्या तसा, लगच्या (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या) खाली थोडा गंजही धरलेला. रंगावर अर्थिंग! याच्यासाठी मी १५०० रुपये मजुरी दिली होती.

मागच्या सीटखाली बॉडीला वेल्ड केलेल्या नटाचा एक बोल्ट होता तो निवडला. सीट बेल्टच्या बोल्टवर अर्थिंग घेऊ नका, पुष्कळ जण घेतात, तो बोल्ट माणसं धरून ठेवायला आहे. १० रुपयांचा पॉलिश पेपर, पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, नवीन रिंग लग दाबून बसवला, दातेरी वॉशर, घट्ट आवळलं, वरून गंज नको म्हणून व्हॅसलीन. वायर अर्ध्या मीटरपेक्षा लांब ठेवली नाही. त्याच धडाक्यात स्टिरिओचा निगेटिव्हपण सॉकेटमधून न घेता डॅशबोर्डमागच्या पत्र्यावर घेतला. मल्टिमीटरवर ०.०२ व्होल्ट. कुईं गेली. म्हणजे नव्वद टक्के गेली.

राहिलेल्या दहा टक्क्यांबद्दल लिहायला थोडं जड जातंय. पॉवर केबल एका बाजूने आणि आरसीए दुसऱ्या बाजूने न्यायच्या असतात, हे दुकानातल्या पोराने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. लांब आरसीए घ्यावी लागेल, ४५० रुपये जास्त, असंही म्हणाला होता. मी म्हटलं, "एकाच बाजूने घाल, काय फरक पडतो." हो, मी. मार्चमध्ये तीच लांब आरसीए ५२० ला घेतली आणि एक रविवार घालवून ड्रायव्हरच्या बाजूने टाकली. तेव्हा कुठे इंजिन चालू ठेवून तंबोरा नुसता तंबोरा ऐकू आला. वायरिंग किटचंही तेच, ११०० ची घेतली कारण २६०० ची परवडेना असं नव्हतं, जीवावर आलं. ब्लेडने तार खरवडून बघा, वरून तांबं आणि आतून पांढरी दिसली तर ॲल्युमिनियम आहे. माझी पांढरी निघाली. अजून तीच आहे, चालतीये.

गेन (स्टिरिओकडून आलेला सिग्नल ॲम्पने किती वाढवायचा ते ठरवणारी खुंटी) मीही आवाजाचं बटण समजत होतो. दुकानाने तीन चतुर्थांश फिरवून ठेवला होता. स्पीकर सोडवून, स्टिरिओचा व्हॉल्यूम पाऊण, टेस्ट टोन (एकाच सुराचा आवाज) लावून ॲम्पच्या टर्मिनलवर एसी व्होल्ट मोजायचे. ६० वॉट गुणिले ४ ओहम (स्पीकरचा रोध) २४०, त्याचं वर्गमूळ साडेपंधरा, तेवढे व्होल्ट आले की थांबायचं. माझा मीटर २० च्या वर दाखवत होता, म्हणजे जोरात लावलं की आवाज फाटणारच, आणि जी काही कुईं असेल तीही फुगून येणार. खाली आणला. पुढच्या स्पीकरला ८० हर्ट्झच्या खालचं बंद, सबला ८० च्या वरचं बंद, बाकी इक्वलायझर सगळा शून्यावर. आता बेस डिकीतून येतोय असं वाटतच नाही.

तर ॲम्पला चार स्टार, एक त्या दिव्यासाठी कापला. सर्व्हिस सेंटरच्या ३५० वर माझा राग अजून आहे पण त्यांची चिठ्ठी खरी होती हे मान्य. त्या पोराला भेटायला गेलो होतो, रिमोट वायरचा फोटो दाखवला, तो म्हणाला, "सर, ते तर टेस्टिंगला लावलं होतं." आरसीएच्या ४५० रुपयांचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही काढला.

परवा मामांचा फोन होता. ट्रॅक्टरच्या टेपला रेस दिली की कुईं येते म्हणे, आधी कधी लक्ष नव्हतं, माझ्या गाडीचं ऐकल्यापासून यायला लागलीये. शनिवारी जातोय, पॉलिश पेपर आणि मीटर डिकीत टाकून ठेवलाय, बॉक्समुळे तेवढीच जागा उरलीये.