उवांचं लोशन आणि स्टीलची फणी: आमचा २१ दिवसांचा अनुभव

आमच्या सासवडकडे सीताफळाचा हंगाम आला की घरोघरी बिया धुऊन वाळत घातलेल्या दिसतात. त्यांचा एक जुना उपयोग ठरलेला आहे. पूड करायची, खोबरेल तेलात कालवायची आणि उवा झालेल्या डोक्याला चोळायची. गेल्या वर्षी माझ्या चौथीतल्या मुलीच्या डोक्यात उवांचा सुळसुळाट झाला, तेव्हा सासूबाईंनी मायेनं हेच केलं. वर फडकं बांधून तिला झोपवलं. झोपेत फडकं सुटलं आणि तेल कपाळावरून ओघळून उजव्या डोळ्यात गेलं. पहाटे पोर किंचाळतच उठली. डोळा उघडेना, उजेड सहन होईना, पाणी थांबेना.

डोळ्यांच्या डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता, "सीताफळाची बी का?" त्यांनी डोळ्यात पिवळा रंग टाकून निळ्या उजेडात पाहिलं. बुबुळावरचा नाजूक पापुद्रा ठिकठिकाणी सोलवटला होता. थेंब, मलम आणि ५ दिवस शाळा बंद. नजर शाबूत राहिली. त्या बियांनी उवा मरतात हे खरं आहे, पण जे उवांना मारतं तेच डोळ्याला भाजतं. उपाय घरचा आहे म्हणून तो निर्धोक, असं मी आता कुणालाही म्हणू देत नाही. रॉकेलचंही तेच. आमच्या लहानपणी सर्रास लावायचे, पण त्यानं कातडी भाजते आणि पेट घ्यायची भीती असते ती वेगळीच.

मग लोशन आणलं, परमेथ्रिन १ टक्का असलेलं. कंपनी कुठलीही घ्या, खोक्यावर हे नाव आणि हा आकडा शोधा. दुकानदारानं बाटली दिली आणि "लावा, धुवा" एवढंच सांगितलं. आमचं पहिलं लावणं त्यामुळे फुकट गेलं. मी आधी कंडिशनरनं केस मऊ केले, ओल्या निथळत्या केसांना लोशन लावलं, धुतलं आणि झालं म्हणून निश्चिंत झाले. आठवड्याभरात भांगात बारीक बारीक पिल्लं फिरताना दिसली. औषधच बोगस आहे असं वाटून फार चिडले होते.

खोक्यातला घडीचा कागद त्यानंतर शांतपणे वाचला. कंडिशनर आधी लावलं की औषध केसाला धरत नाही. साध्या शाम्पूनं धुऊन, टॉवेलनं टिपून मग लावायचं, कानामागे आणि मानेवर नीट मुरवायचं, घड्याळ लावून १० मिनिटं ठेवायचं आणि डोकं वाकवून धुवायचं, म्हणजे अंगावर ओघळत नाही. डोळ्यांवर घडी केलेला रुमाल. यात आता मी जराही ढिलाई करत नाही. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे ९व्या दिवशी पुन्हा लावायचं. कारण या औषधानं उवा मरतात, पण लिखा सगळ्या मरत नाहीत. लीख फुटायला साधारण ७ ते ९ दिवस लागतात आणि त्यातून निघालेलं पिल्लू मोठं होऊन लिखा घालायला आणखी दीड आठवडा. त्या मधल्या काळात दुसरा हात फिरला, तरच ही साखळी तुटते. आमची तुटली नव्हती ती तिथेच.

लावल्यावर ८ ते १२ तासांनी डोकं बघा. उवा मेलेल्या किंवा मंदावलेल्या असतील तर औषध लागू पडतंय. पहिल्यासारख्याच तुरुतुरु पळत असतील तर तेच लोशन परत परत ओतू नका. परमेथ्रिनला दाद न देणाऱ्या उवा आता बऱ्याच ठिकाणी आढळतात. अशा वेळी डॉक्टरांकडून दुसरं औषध घ्या. २ महिन्यांच्या आतल्या बाळाला हे लावायचं नाही. शेजारच्या काकूंनी घरात पडलेली गॅमा बेंझीन या उवांच्या औषधाची जुनी बाटली आणून दिली होती. ती मी नम्रपणे परत केली, कारण त्या औषधानं मुलांना झटके आल्याच्या नोंदी आहेत.

आता फणी. लोशनसोबत आलेली प्लॅस्टिकची फणी दुसऱ्याच बटेला वाकली. नंतर लांब दात्यांची स्टीलची आणली, १८० रुपयांना, आणि खरं काम तिनंच केलं. केस धुऊन भरपूर कंडिशनर लावायचं (इथे कंडिशनर चालतं, कारण औषध नसतं), गुंता साध्या कंगव्यानं सोडवायचा आणि मग टाळूपासून टोकापर्यंत एकेक बट ओढायची. प्रत्येक ओढीनंतर फणी पांढऱ्या फडक्यावर पुसायची. कमरेपर्यंतच्या केसांना पाऊण तास लागतो. दर तिसऱ्या दिवशी, असे २१ दिवस. पहिल्या खेपेला फडक्यावर ३४ उवा मोजल्या, शेवटच्या तीन खेपांना एकही नाही. टाळूपासून बोटभर लांब गेलेल्या पांढऱ्या लिखा बहुतेक रिकाम्या असतात, त्या दिसल्या म्हणून पुन्हा औषध लावू नका.

शाळेतून निरोप आला होता, "केस कापून टाका, स्वच्छता ठेवा." लेकीनं तो ऐकला आणि दोन दिवस कुणाशी बोलली नाही. मला त्याचा अजून राग येतो. ऊ उडत नाही, उड्या मारत नाही, रोग पसरवत नाही. डोक्याला डोकं लागलं की एका केसावरून दुसऱ्यावर जाते, रोज न्हाणाऱ्या मुलीच्या डोक्यातही तशीच. घरभर फवारणीचीही गरज नाही. डोक्यापासून सुटलेली ऊ एक-दोन दिवसांत मरते. आम्ही उश्यांचे अभ्रे आणि टॉवेल गरम पाण्यात धुतले, घरातल्या सगळ्यांची डोकी बघितली आणि धाकटीच्या डोक्यात जिवंत उवा दिसल्या म्हणून फक्त तिलाच औषध लावलं.

लोशनला ५ पैकी ३, तेही दोनदा नीट लावलं तर. स्टीलच्या फणीला पुरे ५. घेताना दाते उजेडाकडे धरून बघा, मधली फट अगदी बारीक हवी, आणि टोकं बोटाला टोचायला नकोत. आमची फणी आता सासूबाईंकडे असते. रविवारी सकाळी ओट्यावर उन्हात बसून त्याच दोघी नातींची डोकी बघतात.