ॲव्हरेज वाढवायचं तर आधी काय: चालवण्याची सवय की गाडीची देखभाल?

गाडी पेट्रोल जास्त खाते, हे लक्षात आल्यावर दोन रस्ते असतात. एक वर्कशॉपकडे जातो, दुसरा आपल्या उजव्या पायाकडे. कोणता आधी धरायचा हे एका प्रश्नावर ठरतं: ॲव्हरेज पूर्वी चांगलं होतं आणि आता पडलं, की पहिल्यापासूनच कमी आहे? पडलं असेल तर बिघाड शोधायचा. पहिल्यापासून कमी असेल तर बहुधा चालवण्याची पद्धत, रस्ता किंवा वेग कारणीभूत असतो, आणि तिथे सर्व्हिसिंगवर पाच हजार घातले तरी फारसं काही हाती लागत नाही. देखभाल गाडीला तिच्या मूळ आकड्यापर्यंत परत नेते. त्याच्या वर नेणं सवयीचं काम आहे.

आधी खरं मोजा

डॅशबोर्डवरचा आकडा अनेक गाड्यांत खऱ्यापेक्षा थोडा चढाच असतो. टाकी पंपाचं नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरा, ट्रिप मीटर शून्य करा, किमान ३०० किलोमीटर चालवा आणि शक्यतो त्याच पंपावर पुन्हा ऑटो कटपर्यंत भरा. किलोमीटर भागिले दुसऱ्या वेळी बसलेले लिटर, हे खरं ॲव्हरेज. ऑटो कटनंतर "राउंड फिगर"साठी आणखी पेट्रोल ओतू देऊ नका. टाकीतली वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये, द्रव पेट्रोल गेलं तर तो खराब होतो आणि हिशेबही चुकतो.

मोजताना दोन गोष्टी फसवतात. मूळ मापापेक्षा मोठे टायर बसवले असतील तर चाकाचे फेरे कमी होतात, ओडोमीटर कमी किलोमीटर दाखवतो आणि ॲव्हरेज आहे त्याहून वाईट दिसतं. दुसरी गोष्ट पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलची. त्यात पेट्रोलपेक्षा लिटरमागे साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यात २० टक्के मिश्रणासाठी घट सांगितली आहे ती अशी: शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकीत ६ ते ७ टक्के, १० टक्क्यांसाठी बनवून २० साठी जुळवलेल्या गाडीत १ ते २ टक्के. म्हणून जुन्या गाडीचा आकडा २०१९च्या डायरीशी ताडून मेकॅनिककडे धाव घेऊ नका. एवढी घट इंधनाचीच असू शकते.

पुढच्या हिशेबांसाठी एक उदाहरण धरू: महिन्याला १,००० किलोमीटर, ॲव्हरेज १५, पेट्रोल १०० रुपये लिटर. म्हणजे महिन्याला सुमारे ६७ लिटर, ६,७०० रुपये.

पाय की पाना

अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या आकड्यांनुसार दणादण रेस देणं, जोरात ब्रेक मारणं आणि वेगात पळवणं यांमुळे ॲव्हरेज महामार्गावर १५ ते ३० टक्के आणि थांबत-थांबत चालणाऱ्या वाहतुकीत १० ते ४० टक्के खाली येतं. याच यादीत योग्य ग्रेडच्या ऑइलचा फायदा १ ते २ टक्के आणि टायरमधल्या हवेचा फार तर ३ टक्के आहे. नीट चालणाऱ्या गाडीत निर्णय इथेच लागतो: सवय कितीतरी पुढे आहे, आणि ती फुकट आहे.

कारण सरळ आहे. ब्रेक मारला की गाडीला वेग देण्यासाठी जाळलेलं पेट्रोल डिस्कच्या उष्णतेत जातं. म्हणून वाचवायचं ते ब्रेक आहे. पुढचा सिग्नल लाल दिसतोय तर दीडशे-दोनशे मीटर आधीच ॲक्सिलरेटर सोडा, गाडी गिअरमध्येच राहू द्या. शहरात पुढच्या गाडीपासून तीन सेकंदांचं अंतर ठेवलं की निम्मे ब्रेक आपोआप गळतात. रिक्षा मध्ये घुसेल, ती घुसू द्या, पुन्हा अंतर करा.

साध्या पेट्रोल इंजिनात सपाट रस्त्यावर १,८०० ते २,२०० आरपीएमला वरचा गिअर टाका. पण चौथ्यात ३०च्या वेगाने गाडी रेटायची नाही. इंजिन थरथरलं किंवा टकटक आवाज आला तर एक गिअर खाली या. छोट्या टर्बो पेट्रोल गाड्यांत जास्त काळजी घ्यावी लागते. पाय दाबला की टर्बो जोर धरतो आणि वरच्या जोरात इंजिन थंड राखण्यासाठी जादा पेट्रोल सोडलं जातं. कंपनीचा २० आणि हातात ११, ही तक्रार याच गाड्यांत सर्वाधिक ऐकू येते.

८० की १००

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० वर गेलात की तो ५६ टक्क्यांनी वाढतो. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेच्या सपाट भागात कारला १०० ची मुभा आहे, पण ५० किलोमीटरच्या टप्प्यात १०० ने ३० मिनिटं लागतात आणि ८० ने साडेसदतीस. छोटी हॅचबॅक ८० ला २० आणि १०० ला १७ देत असेल तर त्या साडेसात मिनिटांसाठी सुमारे ४४ रुपयांचं पेट्रोल जास्त जातं. घाई असेल तर द्यावेत, रोजच्या फेरीला देऊ नयेत. ८० ने जायचं तर डावी किंवा मधली लेन धरा, उजवी अडवू नका.

छतावरचं कॅरियरही इथेच मोजायचं. भरलेला मोठा खोका महामार्गाच्या वेगात १० ते २५ टक्के खाऊ शकतो. गावाहून परत आलात की कॅरियर काढून ठेवा. डिकीतलं ५० किलो सामान मात्र जेमतेम एक टक्का खातं.

घाटउतारावर: न्यूट्रल की गिअर

इथे आम्हाला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे. खंडाळा असो, कसारा असो की आंबोली, उतारावर न्यूट्रल टाकून "फुकटात" उतरायची सवय अजून गेलेली नाही. कार्ब्युरेटरच्या काळात त्यात थोडं तथ्य होतं. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत हिशेब उलटा आहे. गाडी गिअरमध्ये असताना पाय उचलला आणि इंजिन साधारण १,२०० ते १,५०० आरपीएमच्या वर असलं की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, पेट्रोल सोडणारे इंजेक्टर बंद करतो आणि खर्च शून्य होतो. न्यूट्रलमध्ये मात्र चाकं इंजिनाला फिरवत नाहीत, त्यामुळे ते बंद पडू नये म्हणून पेट्रोल चालूच राहतं.

पेट्रोलपेक्षा मोठी गोष्ट जिवाची आहे. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि ऐन वळणावर पकड सोडतात. चावीच बंद केली तर ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो, पॉवर स्टिअरिंग जातं आणि स्टिअरिंग लॉकही होऊ शकतं. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये, किंवा फार तर एक वर, उतरा.

चढावरच्या जाममध्ये हाफ क्लचवर गाडी तोलू नका, हँडब्रेक लावा. हाफ क्लचमध्ये पेट्रोल आणि क्लच प्लेट दोन्ही जळतात. प्लेट सरकायला लागली की आरपीएम चढतो आणि वेग चढत नाही. तिथून पुढे ॲव्हरेज पडणारच.

सिग्नलला: बंद की चालू, एसी की खिडकी

१.२ लिटरचं पेट्रोल इंजिन नुसतं उभं राहून तासाला साधारण ०.६ ते ०.८ लिटर पितं, एसी लावला की त्याहून जास्त. दिवसाला १५ मिनिटं सिग्नलवर, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे सव्वासहा तास आणि चारेक लिटर. सिग्नलच्या आकड्यात ३० सेकंदांहून जास्त दिसत असतील तर बंद करा. गरम इंजिन पुन्हा सुरू करायला १० सेकंदांच्या आयडलिंगपेक्षा जास्त पेट्रोल लागत नाही. बॅटरी जुनी असेल, किंवा महामार्गावर जोरात पळवून टर्बो गाडी नुकतीच थांबवली असेल, तर मात्र बंद करू नका. सकाळी पाच मिनिटं गाडी "गरम करत" ठेवण्याचीही गरज नाही. अर्धा मिनिट पुरे, मग पहिले दोन किलोमीटर हळू चालवा.

एसीबाबत: शहरातल्या ४०च्या वेगात खिडक्या उघड्या ठेवणं स्वस्त. ८० च्या पुढे खिडक्या बंद आणि एसी चालू, कारण तिथे हवेचा अडथळा महाग पडतो. उन्हात तापलेल्या गाडीच्या खिडक्या आधी मिनिटभर उघड्या ठेवून चालवा, मग एसी लावून आतलीच हवा फिरवण्याचं बटण दाबा. बाहेरची ४० अंशांची हवा सतत थंड करत राहण्यापेक्षा कॉम्प्रेसरवर भार बराच कमी येतो.

आता वर्कशॉपची बाजू

टायरची हवा पहिली, कारण ती फुकट आहे. ऊर्जा विभागाच्या हिशेबाने चारही टायरमध्ये सरासरी १ पीएसआय कमी असेल तर ०.२ टक्के ॲव्हरेज जातं. सहा पीएसआय कमी म्हणजे आपल्या उदाहरणात महिन्याला ८० रुपये. आकडा लहान आहे, पण कमी हवेने टायरच्या कडा झिजतात आणि महामार्गावर टायर फुटण्याचा धोका वाढतो, तो खर्च वेगळा. योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो. "सगळ्यांना ३५" म्हणणाऱ्या हवावाल्याचं न ऐकता तोच भरा. टायर थंड असताना, म्हणजे दोन-तीन किलोमीटरच्या आत, पंधरा दिवसांतून एकदा. नायट्रोजन की साधी हवा? साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. पैसे देऊन भरण्याने ॲव्हरेज वाढत नाही.

एअर फिल्टरबद्दल अनेकांना पटणार नाही असं सांगावं लागतं: इंजेक्शनच्या गाडीत फिल्टर बदलून ॲव्हरेज जवळजवळ वाढत नाही. हवा कमी आली तर ईसीयू पेट्रोलही तेवढंच कमी सोडतो. पडतो तो पिकअप. फिल्टर बदलायचाच, पण इंजिनात धूळ जाऊ नये म्हणून. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला मात्र फरक पडतो.

ऑइलमध्ये मॅन्युअलचा शब्द शेवटचा. ०डब्ल्यू-२० लिहिलेलं असताना "जाड ऑइल इंजिनाला चांगलं" म्हणून १५डब्ल्यू-४० भरलं तर घर्षण वाढतं, आणि ते प्रत्येक किलोमीटरला.

खरा तोटा बिघाडात असतो, आणि त्यातला सर्वांत दुर्लक्षित थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनाचं तापमान राखणारी कूलंटची झडप, आहे. गाडी तापते म्हणून अनेक मेकॅनिक तो काढूनच टाकतात. मग इंजिन कामाच्या तापमानाला पोचत नाही, ईसीयूला ते थंडच वाटतं आणि तो जादा पेट्रोल सोडत राहतो. खूण अशी: थंड इंजिनाचा निळा दिवा उशिरापर्यंत जात नाही, किंवा महामार्गावर तापमानाचा काटा खाली येतो. बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०१२८ कोड दिसला तर इथेच पाहा. तापण्याचं मूळ कारण बहुधा कूलंटऐवजी भरलेलं नळाचं पाणी आणि गंजलेला रेडिएटर असतं. दुरुस्ती तिथे करा.

दुसरा चिकटलेला ब्रेक. पावसाळ्यात हँडब्रेक लावून आठवडाभर उभ्या गाडीत हे हमखास होतं. मोकळ्या रस्त्यावर कमीत कमी ब्रेक वापरून वीसेक किलोमीटर चालवा, थांबा आणि प्रत्येक चाकाजवळ हात न्या, डिस्कला लावू नका. एकच चाक जास्त तापलं असेल तर कॅलिपरच्या पिना साफ करून ब्रेकचं ग्रीस लावून घ्या. खड्ड्यांच्या मोसमानंतर अलाइनमेंटही तपासा. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडं राहत असेल किंवा टायर आतल्या कडेला झिजत असेल तर चाकं फरफटत चालली आहेत.

तिसरा ऑक्सिजन सेन्सर. तो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरातला ऑक्सिजन मोजतो आणि ईसीयू त्यावरून पेट्रोल ठरवतो. इंजिनचा पिवळा दिवा लागूनही गाडी चालते म्हणून लोक महिनोन् महिने तसेच फिरतात. बिघडलेल्या सेन्सरमुळे काही वेळा ४० टक्क्यांपर्यंत तोटा होऊ शकतो. कोड वाचून घेतल्याशिवाय सेन्सर बदलू देऊ नका. गळणाऱ्या सायलेन्सरच्या सांध्यानेही तोच कोड येऊ शकतो.

कुठे पैसे घालू नयेत

साध्या पेट्रोलवर चालण्यासाठी बनवलेल्या इंजिनाला ९५ किंवा १०० ऑक्टेनच्या महाग पेट्रोलने जादा भाव भरून निघेल एवढा ॲव्हरेजचा फायदा होत नाही. मॅन्युअलमध्ये जास्त ऑक्टेन मागितलं असेल तरच घ्या. इंधनाच्या नळीवर बसवायचे चुंबक आणि स्कॅनरच्या सॉकेटात खोचायचे "फ्युएल सेव्हर" घेऊच नका.

तुमच्यासाठी कोणतं आधी

ॲव्हरेज महिना-दोन महिन्यांत दहा टक्क्यांहून जास्त पडलं असेल तर या क्रमाने पाहा: हवा, ब्रेक, थर्मोस्टॅट, कोड. पडलेलं नसेल आणि गाडी शहरातच फिरत असेल तर अंतर ठेवणं आणि सिग्नलला इंजिन बंद करणं, वर्कशॉपला काही नको. दर आठवड्याला महामार्ग असेल तर वेग आणि कॅरियर. रोज दोन-दोन किलोमीटरच्याच फेऱ्या असतील तर इंजिन गरमच होत नाही. कामं एका फेरीत उरका, नाहीतर चालत जा. आणि बीएस-६ डिझेल फक्त अशाच फेऱ्यांना वापरत असाल तर काजळीचा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, स्वतःला पुन्हा पुन्हा जाळून साफ करण्यात डिझेल घालवतो. त्या गाडीला अधूनमधून एका दमात वीसेक मिनिटं महामार्गावर नेणंच स्वस्त पडतं.