सात इंची रीळ, १५ चा वेग आणि ५८ मिनिटं: ३३,५६० रुपये कसे गेले

एका दुर्मीळ रेडिओ रेकॉर्डिंगच्या टेपसाठी फसलो, एकूण ३३,५६० रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण पोलिसांनी, बँकेनं आणि घरच्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला. ९,००० आगाऊ, ९,००० सॅम्पल ऐकल्यावर, ७,५०० रिळं 'बेक' करून (मंद उष्णतेत सुकवून) ट्रान्सफर करण्याचे, म्हणजे त्यांची डिजिटल नक्कल काढण्याचे, ४,८६० कस्टम ड्यूटीचे आणि ३,२०० 'परत मिळणाऱ्या' विम्याचे. अकरा दिवसांत पाच वेळा यूपीआय केलं, आणि पाचही वेळा पिन मीच टाकला.

माल काय होता ते या छंदातल्यांना एका ओळीत कळेल. लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडनं मार्च १९६९ मध्ये अलेक्सिस कॉर्नर या ब्लूज वादकाच्या बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसवरच्या कार्यक्रमासाठी केलेलं सेशन. त्याची मूळ टेप बीबीसीकडे उरलेली नाही. तेव्हा टेप महाग होती, पुसून पुन्हा वापरायची रीत होती. २०१६ च्या अधिकृत संचात हे सेशन आलं, पण तेही कुणा श्रोत्यानं रेडिओवरून उतरवून ठेवलेल्या टेपवरून. मीडियम वेव्ह किंवा शॉर्टवेव्हवर साधारण पाच किलोहर्ट्झच्या वर फारसं काही टिकत नाही, म्हणून ते ऐकायला कोंदट लागतं. पण बीबीसी परदेशी केंद्रांना ट्रान्सक्रिप्शन डिस्क, म्हणजे प्रसारणासाठी कार्यक्रम भरलेल्या रेकॉर्ड, पाठवायची. मोजक्याच छापलेल्या, ठरावीक मुदतीत वाजवायच्या, मग नष्ट करायच्या किंवा परत पाठवायच्या. काही केंद्रांनी त्या तशाच ठेवल्या आणि बऱ्याच बँडची हरवलेली सेशन्स पुढे अशा डिस्कवरूनच मिळाली. म्हणजे अशी वस्तू कुणाच्या कपाटात असू शकते, हे मानणं मूर्खपणाचं नव्हतं. हे मी ठामपणे सांगतो, कारण गेला महिनाभर मला मूर्ख म्हणून घ्यावं लागतंय.

विकणारा संग्राहकांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर होता. राहायला नेरूळ, असं त्यानं सांगितलं. वाशी स्टेशनबाहेर भेटला तेव्हा पिशवीतून एक खरी ट्रान्सक्रिप्शन डिस्क काढून दाखवली. दुसऱ्याच कुठल्या तरी कार्यक्रमाची होती, पण अस्सल होती. शेवटच्या खाचेजवळचा नंबर लेबलशी जुळत होता, सोबत निवेदकासाठीचा टाईप केलेला कागदही होता. ती त्याला विकायची नव्हतीच. ती हातात देऊन विश्वास मिळवायचा आणि विकायचं भलतंच, अशी ही पद्धत. त्याच्या म्हणण्याप्रमाणे लंडनच्या मेव्हण्याकडे १९६९ ची डिस्क होती, तिच्यावरून तेव्हाच उतरवलेली दोन रिळं येणार होती, तीही स्टिरिओ. "सर, पुण्याचे एक जण रात्रीपर्यंत फायनल करतायत," हेही होतंच. तिथेच ९,००० दिले.

आता तो क्षण. त्या संध्याकाळी रिळाच्या डब्याचा फोटो आला. डब्यावर टाईप केलं होतं: १५ आयपीएस (सेकंदाला १५ इंच), पूर्ण कार्यक्रम, ५८ मिनिटं. शेजारी रीळ ठेवलेलं, सात इंची.

सात इंची रिळावर साधी जाड टेप १,२०० फूट बसते. १,२०० फूट म्हणजे १४,४०० इंच. सेकंदाला १५ इंच वेगानं ती ९६० सेकंदांत, म्हणजे १६ मिनिटांत संपते. पातळ, १,८०० फुटांची टेप धरली तरी २४ मिनिटं. साडेसातच्या वेगानंसुद्धा १,२०० फुटांवर ३२ मिनिटंच मावतात. १५ च्या वेगानं तर साडेदहा इंची रिळाची २,५०० फूट टेपही ३३ मिनिटांच्या फार पुढे जात नाही. ५८ मिनिटं सात इंची रिळावर १५ च्या वेगानं मावतच नाहीत. हा हिशेब मला झोपेत विचारला तरी सांगता येतो. फोटो पाहिला तेव्हा मी ठाण्याला परतताना ट्रान्स-हार्बरच्या गाडीत उभा होतो आणि डब्यावरचा बँडच्या नावाचा शिक्काच बघत बसलो. घरी येऊनही फोटो मोठा करून पाहिला, तो लेबलासाठीच. आजही डोळ्यांसमोर तो आकडा येतो आणि जीव तळमळतो. फोटोत टेपची पाठ काळी, बिनचकाकीची दिसत होती तेही तसंच. असा काळा बॅककोट (पाठीवरचा लेप) असलेली सर्वांत ओळखीची स्टुडिओ टेप म्हणजे ॲम्पेक्स ४५६, आणि ती सत्तरच्या दशकाच्या मध्याला आली. १९६९ मध्ये उतरवलेल्या रिळावर ती कशी असेल?

मग सॅम्पल आलं. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाईल. हे आकडे फक्त फाईलच्या डब्याचा आकार सांगतात, आत काय भरलंय ते सांगत नाहीत. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रोग्राम (कुठल्या क्षणी किती उंच सूर आहेत त्याचं चित्र) उघडला तर रंग १६ किलोहर्ट्झपर्यंत भरलेला दिसला आणि मला वाटलं, हे नक्कीच रेडिओवरून उतरवलेलं नाही. पाहायचं होतं ते सिंबलकडे, म्हणजे ड्रमच्या झांजेकडे. सिंबल वाजतो त्या जागी स्पेक्ट्रोग्राममध्ये वरपर्यंत उभा झाडूचा फटकारा उमटायला हवा. इथे पाच किलोहर्ट्झच्या वर नुसती सपाट खरखर होती, सिंबल वाजला तरी तिच्यात तरंगही उठत नव्हता. खालचं संगीत एका ठिकाणचं, वरची खरखर दुसऱ्या ठिकाणची. आणि १६ ला सरळ कापलेली रेघ म्हणजे ती खरखरसुद्धा एमपीथ्रीतून आलेली. हे मी पैसे गेल्यावर शोधलं. आधी शोधलं असतं तर ९,००० वर थांबलो असतो.

ज्यांना असं सॅम्पल आलंय त्यांनी आजच्या आज एवढं करा. स्टिरिओ ट्रॅक फोडून दोन मोनो करा, एकाला इन्व्हर्ट करा (लहर उलटी करा) आणि दोन्ही मिक्स करा. स्टिरिओ म्हणून विकलेल्या फाईलमधून सगळं गाणं गायब झालं आणि फक्त कडकड उरली, तर ते मोनो आहे, दोन्ही बाजूंना एकच आवाज. एवढ्यावर चोरी सिद्ध होत नाही, कारण अस्सल मोनो डिस्क स्टिरिओ कार्ट्रिजवर (प्लेअरच्या सुईच्या भागावर) वाजवली तरी थोडी कडकड उरतेच. म्हणून पुढची पायरी: अधिकृत सीडीवरचं तेच गाणं शेजारी ठेवा, दोन्ही अगदी क्षणाला क्षण जुळवा, पातळी सारखी करा, एक इन्व्हर्ट करून मिक्स करा. दोन वेगवेगळ्या टेपवरून आलेल्या नकला अशा एकमेकींना कधीच खात नाहीत, कारण टेपचा वेग क्षणाक्षणाला हलतो. माझ्या फाईलमध्ये गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत जवळजवळ पुसलं गेलं. म्हणजे २०१६ च्या सीडीवर वरून खरखर ओतली होती, बाकी काही नाही.

उरलेली खरखर मी वेगळी काढून ठेवली आहे. तिच्यात ६० हर्ट्झची आणि १२० ची गुणगुण आहे. ब्रिटनमध्ये वीज ५० हर्ट्झची, आपल्याकडेही ५० ची. लंडनची डिस्क आणि नेरूळचा प्लेअर यांच्यात ६० कुठून येणार? (टेप वेगानं वाजली तरी ५० चे ६० होतात, पण तेव्हा गाणंही सुमारे तीन अर्धस्वर वर चढतं. इथे गाणं आपल्या सुरातच होतं.) दुसरं असं की ३३⅓ च्या डिस्कवरचा ओरखडा दर १.८ सेकंदांनी टक करतो. या फाईलमधली सगळ्यांत मोठी 'टक' दर १२ सेकंदांनी येते, हुबेहूब तीच. १२ ला १.८ नं पूर्ण भाग जात नाही. ती डिस्क नाही, लूप आहे, तोच तुकडा पुन्हा पुन्हा जोडलेला.

दुसरे ९,००० गेल्यावर बेकिंगचे ७,५०० मागितले. बेकिंग खोटं नाही, हे आधी समजून घ्या. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या काळ्या पाठीच्या बऱ्याच टेपांचा बाइंडर (चुंबकी थर धरून ठेवणारा गोंद) हवेतली ओल शोषतो, टेप चिकटते, वाजवताना किंचाळते आणि हेडवर तपकिरी गोंद सोडते. ती सुमारे ५४ अंशांवर आठेक तास कोरड्या, समान उष्णतेत ठेवतात, मधे उलटतात, तितकाच वेळ थंड होऊ देतात आणि काही आठवड्यांच्या आत ट्रान्सफर उरकतात. फळं सुकवायचं यंत्र चालतं, गॅसचा ओव्हन आणि मायक्रोवेव्ह नाही. पण ॲसिटेट या प्लास्टिकची टेप कधीही भाजायची नसते, ती आक्रसते आणि कडा वाकतात. रीळ उजेडासमोर धरा, प्रकाश आरपार दिसला तर ॲसिटेट. त्यानं दोन्ही रिळांच्या बेकिंगचे पैसे घेतले आणि दुसरं रीळ ॲसिटेटचं निघालं, व्हिनेगरच्या वासाचं.

कस्टमचे ४,८६० त्याच माणसाच्या यूपीआयवर गेले. ड्यूटी पावतीवर, अधिकृत मार्गानंच भरली जाते, कुणाच्या खासगी क्रमांकावर नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. तोवर २५,५०० गेले होते, आणि तेवढे गेलेले असताना माणूस हात मागे घेत नाही. पार्सल आलं त्यावर कुरिअरची देशांतर्गत स्लिप होती, बुकिंग तुर्भे. लंडनहून आलेलं पार्सल.

पहिलं रीळ काळ्या पाठीचं. दहा सेकंद वाजलं, किंचाळलं, थांबलं. हेड ९९ टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसले तेव्हा कापसाच्या बोळ्यावर चॉकलेटी चिकट थर आला. दुसऱ्यावर कुणाच्या तरी घरचं लग्न आहे. सनई, मग मंगलाष्टकं, मग एक बाई मोठ्यानं सांगते, "अक्षता संपल्या, ताट पुढे करा." कुणाची तरी ही एकुलती एक आठवण असणार आणि ती भंगारातून ३३ हजारांच्या लबाडीत आली. ते मी ट्रान्सफर करून ठेवलंय.

आणि आता तक्रार. मी ठाण्यात, तो नवी मुंबईत, दोन वेगळी आयुक्तालयं. आमच्या हद्दीत सांगितलं, भेट वाशीला झाली ना, मग तिकडे जा. खाडीपलीकडे सांगितलं, पैसे तुमच्या घरून गेले ना, मग तिकडे जा. चार फेऱ्या, चार सुट्ट्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावीच लागते. त्याची छापील प्रत पुढे केली तर ती न वाचता परत सरकवली. "काका, हीच गाणी मोबाईलवर फुकट आहेत, तुम्ही चौतीस हजार दिले?" असं एक जण सगळ्यांदेखत म्हणाला. दुसऱ्यानं विचारलं, असली रेकॉर्डिंग विकत घेणंच बेकायदा नाही का? फसवणूक ती फसवणूकच, पूर्वीचं ४२०, आताचं न्याय संहितेचं ३१८. माल काय होता यावर ती अवलंबून नसते. स्पेक्ट्रोग्रामचे प्रिंट दाखवले तर "हे ईसीजी आहे का" म्हणाले. बँकेनं एका ओळीत उत्तर दिलं: व्यवहार ग्राहकानं स्वतः मंजूर केला आहे. शेवटी साध्या अर्जावर शिक्का मिळाला. गुन्हा अजून नोंदलेला नाही.

१९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन पहिल्या तासाभरात करा, मी पार्सल उघडल्यावर दोन दिवसांनी केला, तोवर खात्यात काही उरलं नव्हतं. चॅट डिलीट करू नका, एक्स्पोर्ट करा. सॅम्पल फाईल मूळ नावासकट ठेवा, चेकसम (फाईल बदलली नाही हे दाखवणारा आकडा) काढून ठेवा. आणि लिनिएज, म्हणजे रेकॉर्डिंगची वंशावळ, लेखी मागा: कुठली डिस्क, कुठला डेक, कुठला वेग, मधे किती नकला. खरा संग्राहक ते न विचारता देतो, अझिमथ (टेपशी हेडचा कोन) कुठे जुळवला तेही सांगतो. हा माणूस मला प्रत्येक वेळी "सर, आवाज ऐका ना" एवढंच म्हणत होता.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या नावानं तो परत आलाय. या वेळी एप्रिल १९७१ च्या लंडनमधल्या पॅरिस थिएटरच्या कार्यक्रमाचं 'न ऐकलेलं' रीळ, किंमत २२,०००. सॅम्पल एका मित्रानं पाठवलं. अकराव्या सेकंदाला मोठी टक, मग तेविसाव्याला, मग पस्तिसाव्याला. ६० ची गुणगुणही तीच आहे.