लॅम्डा की मायक्रॉन? पहिल्या टेपआउटआधी ठरवायची गोष्ट

चिप खरोखर फॅबला, म्हणजे ती बनवणाऱ्या कारखान्याला पाठवायची (टेपआउट करायची) ठरली की लेआउट, म्हणजे तिच्या थरांचा आराखडा, कोणत्या नियमांनी काढायचा, हा प्रश्न येतोच. आपल्याकडे बऱ्याच इंजिनीअरिंग कॉलेजांत मायक्रोविंड या लेआउट सॉफ्टवेअरवर लॅम्डाची, म्हणजे मापं एका ठरावीक एककाच्या पटीत मोजायची सवय लागलेली असते आणि फाउंड्रीचं पीडीके (तिच्या प्रोसेसचे नियम आणि मॉडेल्स यांचा संच) हातात पडतं ते मायक्रॉनमध्ये. मी दोन्ही पद्धतींनी छोटे ॲनालॉग ब्लॉक काढले आहेत. हल्ली काम स्काय१३० या १३० नॅनोमीटरच्या खुल्या प्रोसेसवर असतं, म्हणून उदाहरणं तिथलीच देतो. तुमची प्रोसेस वेगळी असेल तर आकडे बदलतील, कल बहुधा हाच राहील.

लॅम्डाचं श्रेय आधी लॅम्डाला द्यायला हवं. १९७०च्या दशकाच्या अखेरीस मीड आणि कॉन्वे यांनी सगळी मापं एकाच एककाच्या पटीत बसवली: पॉलीची (गेट घडवणाऱ्या पॉलीसिलिकॉन थराची) रुंदी दोन लॅम्डा, कॉन्टॅक्ट (खालच्या थराला वरच्याशी जोडणारं छिद्र) दोन बाय दोन, मेटल तीन. नियम दोन-चार पानांत मावले आणि पाठही होऊ लागले. १९८१ मध्ये अमेरिकेत मोसिस ही सामायिक चिपनिर्मितीची सेवा सुरू झाल्यावर अनेक विद्यापीठांची डिझाइन्स एकाच वेफरवर जाऊ लागली, त्यामागे ही सुटसुटीत नियमावली होती. आजही स्टिक डायग्रॅमवरून (नुसत्या रेघांच्या कच्च्या चित्रावरून) लेआउटकडे येणाऱ्या विद्यार्थ्याला मी लॅम्डाच सुचवीन. गेटच्या दोन्ही बाजूंना पॉली थोडी बाहेर का काढायची, वेलला (ट्रान्झिस्टर ज्यात बसतो त्या भागाला) इतकी जागा का सोडायची, हे त्यात लख्ख दिसतं.

‘एकदा काढा आणि लॅम्डा बदलून कुठेही न्या’ हे आश्वासन मात्र जरा जपून घ्यावं. मोसिसलाच आपल्या एससीमॉस या लॅम्डा नियमांच्या पुढे सबमायक्रॉन आणि डीप अशा आवृत्त्या काढाव्या लागल्या. मूळ नियमांत वेगळ्या व्होल्टेजच्या दोन वेलमधलं अंतर नऊ लॅम्डा होतं, सबमायक्रॉनमध्ये ते थेट अठरा झालं. दोन पॉलींमधलं अंतर दोनाचं तीन झालं. एएमआय कंपनीच्या ०.५ मायक्रॉन प्रोसेसला जुन्या नियमांत लॅम्डा ०.३५ मायक्रॉन होता आणि सबमायक्रॉन नियमांत ०.३०. सगळे थर सारख्या प्रमाणात आक्रसत नाहीत. बाँड पॅड तर जवळपास आहे तेवढेच राहतात, कारण त्यांच्यावर तार जोडायची असते.

तरीही एवढ्यावरून मी लॅम्डा सोडला नसता. थोडी जागा वाया गेली तर छोट्या ब्लॉकमध्ये फारसं बिघडत नाही. मला नको झालं ते कॉन्टॅक्टमुळे.

बहुतेक नियम ‘किमान इतकं’ असे असतात, म्हणून वरच्या पटीत ढकलून भागतं. कॉन्टॅक्ट आणि व्हायाचं (दोन मेटल थर जोडणाऱ्या छिद्राचं) तसं नाही. त्यांचं माप नेमकं ठरलेलं असतं, तसूभर कमी-जास्त चालत नाही. स्काय१३० मध्ये पॉलीची किमान रुंदी ०.१५ मायक्रॉन, म्हणजे पुस्तकी हिशोबाने लॅम्डा ०.०७५. कॉन्टॅक्ट हवा ०.१७ चा. दोन लॅम्डा घेतले तर ०.१५, तीन घेतले तर ०.२२५, दोन्ही डीआरसीत (नियमांच्या तपासणीत) नापास. अर्धा लॅम्डा वापरावा, तर तो ०.०३७५ होतो आणि फॅबची ग्रिड (कडा ज्यावर बसायला हव्यात ती जाळी) ०.००५ ची, त्यामुळे कडा ग्रिडबाहेर. बरं, कॉन्टॅक्टसाठी लॅम्डाच ०.०८५ धरावा, तर मेटल-एक आणि मेटल-दोनमधला व्हाया नेमका ०.१५ चा लागतो आणि तो बसत नाही. ०.१७ आणि ०.१५ या दोन्हींना नि:शेष भागणारा, ग्रिडवर बसणारा सगळ्यात मोठा लॅम्डा आहे ०.०१ मायक्रॉन. तो घेतला की पॉली पंधरा लॅम्डा, कॉन्टॅक्ट सतरा लॅम्डा! मग सरळ मायक्रॉनच का लिहू नयेत?

मॅजिकसारखं लेआउट टूल यातून वाट काढतं. आपण कॉन्टॅक्टची फक्त जागा दाखवायची, नेमका कट ते जीडीएस (फॅबला द्यायची फाइल) लिहिताना घालतं. सोय चांगली आहे, पण भोवतालच्या थरांची मापं लॅम्डाच्या पटीतच राहतात. लोकल इंटरकनेक्टला (मेटल-एकच्या खालच्या जोडणीच्या थराला) रुंदी आणि अंतर दोन्ही ०.१७ पुरतात, म्हणजे दोन्ही मिळून पिच ०.३४. तीन-तीन लॅम्डा दिले की पिच ०.४५, जवळपास एक तृतीयांश जास्त. डिफरन्शियल पेअरच्या (जुळ्या ट्रान्झिस्टरांच्या जोडीच्या) आजूबाजूला दाटीवाटीने रेषा काढताना हे फार जाणवतं. मला तरी तिथे दर वेळी हात बांधल्यासारखं वाटायचं.

मायक्रॉन नियमांचा जाच वेगळा. नियम पुष्कळ, त्यांना अपवाद, वर अँटेना (लांब मेटलमुळे गेटला होणारा धोका) आणि मेटल डेन्सिटी (थरात मेटल किती असावं) यांच्या अटी. पाठ करण्याच्या भानगडीत पडू नये; डीआरसी सतत चालू ठेवून काढत जावं, सरावाने नेहमी लागणारे दहा-बारा आकडे हाताला बसतात. दुसऱ्या प्रोसेसवर जाताना लेआउट नव्याने काढावा लागतो हेही खरं. पण ॲनालॉगमध्ये तेव्हा ट्रान्झिस्टरची मापं तशीही बदलतात, त्यामुळे जुना लेआउट आयता वापरता येईल ही आशा माझ्या अनुभवात क्वचितच फळली.

प्रोजेक्ट सिम्युलेशनवरच थांबणार असेल तर लॅम्डा अगदी पुरेसा आहे. एकाच ब्लॉकच्या अनेक जुन्या प्रोसेसवरच्या आवृत्त्या शिकवायच्या असतील तरीही तोच बरा. टायनी टेपआउटसारख्या शटलवर (अनेकांची डिझाइन्स एकत्र बनवून घेणाऱ्या फेरीवर) जायचं असेल किंवा मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीच्या १८० नॅनोमीटर प्रोसेसवर संधी मिळणार असेल, तर मला वाटतं पहिल्या इन्व्हर्टरपासूनच मायक्रॉनमध्ये काढावं. केलेआउट हे टूल वापरत असाल तर डेटाबेस युनिट (त्यातलं सर्वांत लहान माप) बहुधा ०.००१ असतं, आणि हाताने काढलेली कड सहज ०.००५ च्या ग्रिडबाहेर पडते. म्हणून पहिला चौकोन काढण्याआधी ग्रिड ०.००५ वर लावून घ्या.