ग्वीलिनची स्वस्त 'एक दिवसाची सहल' ठरवण्याआधी

चीनमध्ये ग्वीलिनला जाणार असाल तर हे नक्की वाचा. चुनखडीचे ते सुळके आणि त्यांच्यामधून वाहणारी ली नदी खरोखर डोळ्यांचं पारणं फेडते, म्हणूनच तिथला दिवस कुणी लुबाडला की जास्त संताप येतो.

20 युआनच्या नोटेमागे छापलेलं दृश्य ली नदीकाठच्या शिंगपिंग गावाजवळचं आहे. ते प्रत्यक्ष बघायची सासूबाईंची फार इच्छा होती. एका एजंटाने रीड फ्लूट गुहा, नदीवरच्या यांगदी धक्क्याहून शिंगपिंगकडे तराफा, जेवण आणि इंग्रजी बोलणारी गाइड, असं सगळं माणशी 150 युआनमध्ये देऊ केलं. गुहेचं आणि तराफ्याचं तिकीट वेगवेगळं काढलं तरी याहून जास्त होतं. ही तूट दुकानांच्या कमिशनमधून भरून काढतात.

रंगीत दिव्यांनी उजळलेले लवणस्तंभ नीट बघूही न देता गाइडने आम्हाला गुहेतून घाईघाईने बाहेर काढलं. मग बस थेट एका 'जेड संग्रहालया'त (जेड म्हणजे दागिन्यांसाठी वापरतात तो मौल्यवान दगड). संग्रहालय कसलं, दुकानच! बाहेरचं दार बंद, वाट सगळी काउंटरांमधूनच. विक्रेतीने सासूबाईंच्या हाताला साबणाचं पाणी लावून बांगडी चढवली. ती नंतर निघेचना. सासूबाई कळवळल्या. तेवढ्यात 'मालकाचा मुलगा' अवतरला, भारतीय पाहुणे म्हणजे घरचीच माणसं म्हणाला, आणि 16,800 युआनची चिठ्ठी असलेली बांगडी 1,900 ला दिली. सोबतचं प्रमाणपत्र फक्त चिनी भाषेत.

दुपार तिथेच संपली. मग गाइडने सांगितलं, नदीला पाणी वाढलंय, यांगदीचे तराफे बंद आहेत. दुसऱ्याच एका धक्क्यावरून तिने आम्हाला छोटीशी फेरी मारून आणली, त्याचे पैसे वर वेगळे घेतले. शिंगपिंगला एक मलेशियन जोडपं भेटलं. ते त्याच दुपारी यांगदीहून तराफ्याने आले होते! तिकिटं त्यांच्या हातात होती.

हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या मुलीने प्रमाणपत्र वाचलं: दगडात रेझिन भरलेलं होतं, म्हणजे ते कमी प्रतीचं, प्रक्रिया केलेलं जेड होतं. तिनेच आमच्या वतीने 12345 या सरकारी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. 2013च्या चिनी पर्यटन कायद्यातलं 35वं कलम अशाच टूरसाठी आहे. अवाजवी स्वस्त सहल विकून दुकानांतून कमिशन खाण्यावर त्यात बंदी आहे, आणि सहल संपल्यापासून 30 दिवसांत खरेदीचे पैसे परत मागता येतात. आमच्याकडे मोबाइलवरून केलेल्या पेमेंटची नोंद होती, दुकानाच्या पावतीचा फोटो होता, एजंटाने चॅटवर पाठवलेला कार्यक्रमही होता. बांगडीचे पैसे परत मिळाले. तराफ्याचे रोख दिले होते, त्याची पावतीच नव्हती, ते गेले.

तराफ्याचं तिकीट पासपोर्टवरच्या नावाने निघतं. ते स्वतः काढा. आणि 'आज बंद आहे' असं कुणी सांगितलं, तर हॉटेलमधून तिकीट खिडकीला फोन लावून घ्या.