पणजोबांचा माग काढायचाय: आधी तहसीलचं दप्तर की नाशिकची वही?

पणजोबा दोन्हीकडे सापडतात, पण वेगवेगळे. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या, म्हणजे तीर्थावरच्या पुरोहितांच्या वहीत ते कुणाचे कोण, हे कळतं. ते जगले कसे, याचा अंदाज तहसीलच्या दप्तरात येतो. मराठवाड्यातल्या शेती असलेल्या घराला मी आधी तहसीलच सांगेन.

कारण 1954-55 चं खासरा पाहणी पत्रक. सर्व्हे नंबर ठाऊक असला की अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करता येतो. जमीन कुणाच्या नावावर आणि प्रत्यक्ष कसतंय कोण, हे त्यात वेगवेगळं लिहिलेलं असतं. कागदावर थोरला भाऊ आणि औत धाकट्याच्या हाती, असली घरात कुणी न बोललेली गोष्ट तिथं उघडी पडते. पुढचे वारसाचे फेरफार तर अजिबात सोडू नका. खातेदार मयत, मग वारसांची यादी, त्यात लेकीही. जिचं नावसुद्धा घरात कुणाला आठवत नाही ती आजोबांची बहीण तिथं भेटते. कधी पुढच्याच फेरफारात हक्कसोड होऊन तिचं नाव कमी झालेलंही दिसतं. ते वाचून जीव तुटतो, पण तोही आपल्याच घराचा इतिहास आहे.

खरी अडचण त्याच्या मागं जाताना येते. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. कागद उर्दूत, वर्षं फसली, म्हणजे तिथल्या महसुली कालगणनेची. फसलीत 590 मिळवायचे: फसली 1340 म्हणजे 1930-31. वाचायला उर्दूचा जाणकार गाठाच, अंदाजानं अर्थ लावू नका. आडनाव पुष्कळदा नसतंच. 'मारुती वल्द गणू' (गणूचा मुलगा) किंवा 'गंगाबाई भ्र. मारुती' (भ्रतार, म्हणजे नवरा मारुती) एवढंच. एका गावात असे दोन मारुती निघू शकतात, म्हणून नावापेक्षा सर्व्हे नंबरचा धागा धरून मागं जावं.

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या वह्यांना सर्व्हे नंबर लागत नाही. गाव, आडनाव आणि आजोबांचं नाव सांगायचं. तालुका-जिल्हा मात्र जुना सांगा: जालना 1981 पर्यंत औरंगाबाद जिल्ह्यात होतं, लातूर 1982 पर्यंत उस्मानाबादेत, हिंगोली 1999 पर्यंत परभणीत. जायकवाडीच्या पाण्याखाली गेलेलं गाव असेल तर मूळ गावाचंच नाव घ्या. जुन्या नोंदी मोडीत असतात. तीर्थश्राद्धात आई, आजी, पणजी यांचीही नावं घेतात, त्यामुळे महसुली कागदात न सापडलेली पणजी इथं सापडण्याची आशा असते. आपलं माणूस स्वतः येऊन गेलं असेल तर त्याच्या हातची सहीही पाहायला मिळते. पण घरातलं कुणी तीर्थाला गेलंच नसेल तर वहीत काही नाही. शिवाय दाखल्याच्या कामाला सरकारी शिक्क्याची नक्कलच लागते.

ज्यांच्या घरी ना जमीन होती ना यात्रेचा खर्च परवडत होता, त्यांनी या दोन्हींत वेळ घालवू नये. गावच्या जुन्या शाळेची प्रवेश-निर्गम नोंदवही आधी पाहा, मग जन्म-मृत्यूचा गाव नमुना 14 आणि 1951 चं राष्ट्रीय नागरिक रजिस्टर. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात 2023 पासून कुणबी नोंदींसाठी असली दप्तरं तपासली गेली. त्यामुळे कोणतं रजिस्टर कुठं आहे, हे कचेरीत आता पूर्वीपेक्षा लवकर सांगतात.